सोलापुरात रविवारची उपासना चालवायला शिकताना

चर्चमध्ये उपासना चालवण्याची पाळी पहिल्यांदा आली की नवीन माणूस आधी गीतांचे पुस्तक उघडतो. आवडीची चार-पाच गीते निवडतो, मग त्यांच्यामधल्या जागांत वाचने आणि प्रार्थना बसवतो. उपासना विस्कटायला सुरुवात होते ती इथेच. देव बोलतो आणि मंडळी, म्हणजे जमलेला समुदाय, त्याला उत्तर देते, यावर सगळा उपासनाक्रम उभा आहे. गीत हे बहुतेक वेळा मंडळीचे उत्तर असते. म्हणून आधी वचन, मग गीत.

सोमवारीच त्या रविवारची वाचने काढा: जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान. बहुतेक चर्चमध्ये यासाठी वर्षभराचे कोष्टक असते. तीन वर्षांच्या कोष्टकात पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक असा क्रम असतो, आणि वर्ष सुरू होते ते जानेवारीत नाही, तर आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी. मार्कच्या वर्षी आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी यशया ४०:१-११ आणि मार्क १:१-८ ही वाचने येतात. दोन्हींत रानातली घोषणा आहे, मार्ग तयार करण्याची हाक आहे. मग पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली देणारी प्रार्थना, त्याच हाकेला धरून लिहिता येतो: आमच्यात उंचसखल काय आहे, वाकडे काय आहे. उपदेशानंतरचे गीत वाट पाहण्याचे निवडता येते. त्या दिवशी नाताळच्या जन्माची गीते घेऊ नयेत. डिसेंबर लागताच ती गाण्याची घाई सगळ्यांना असते, पण आगमनकाळाचे चार रविवार वाट पाहण्याचे आहेत, आणि ती वाट पाहायला लावणे उपासना चालवणाऱ्याच्या हातात असते.

मंगळवारपर्यंत पाळकसाहेबांना किंवा त्या दिवशीच्या उपदेशकाला दोनच गोष्टी विचारा: उपदेशाचा मुख्य मुद्दा कोणता आणि उपदेश किती मिनिटांचा. हे न विचारल्यामुळे चालक, म्हणजे उपासना चालवणारा, आपल्या प्रस्तावनेत तोच मुद्दा आधीच सांगून टाकतो. गीतांच्या मध्येमध्ये चालकाने छोटे उपदेश देणे ही नवख्यांची सर्वांत मोठी सवय, आणि ती लवकर मोडलेली बरी. दोन भागांमध्ये एक वाक्य पुरते. पुष्कळदा तेही लागत नाही.

दीड तासाच्या उपासनेचा हिशोब कागदावर मांडून पाहा. पाच गीते, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे २५. वाचने १०, पापांगीकार आणि इतर प्रार्थना १५, उपदेश २०, दानार्पण ५, सूचना ५, आशीर्वाद आणि उठण्या-बसण्यात जाणारा वेळ १०. नव्वद मिनिटे भरली. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) रविवार असेल तर आणखी वेळ लागतो आणि तो मोजता येतो. ते घेण्यासाठी वेदीपुढच्या कठड्याशी एका वेळी १२ जण गुडघे टेकत असतील आणि एका ओळीला दोन मिनिटे लागत असतील, तर १५० जणांना १३ ओळी, म्हणजे २६ मिनिटे. त्या दिवशी दोन गीते कमी करा, पण मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना कापू नका. वेळ संपला की पहिली कात्री तिच्यावर चालते, आणि आजारी, शोकाकुल, बेकार माणसे देवापुढे न नेताच मंडळी घरी जाते.

सूचनांना एकच जागा द्या, शक्यतो उपासना सुरू होण्याआधी. महिला मंडळाची सभा, संडेस्कूलची सहल आणि वर्गणीची आठवण आशीर्वादाच्या तोंडावर आली, तर उपदेशाने मनात जे उतरले ते तिथेच पुसले जाते.

गीतांच्या बाबतीत पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वरावर सा धरायचा ते, फार महत्त्वाची. चांगला गाणारा चालक स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि अर्धी मंडळी गप्प होते. काळी चार (पेटीच्या सप्तकातला चौथा काळा स्वर) ही गायिकेला एकटीला सोयीची असेल. पुरुष, बायका आणि म्हातारी माणसे एकत्र गात असताना गाण्याची सर्वांत वरची टीप पेटीवर तार सप्तकातल्या काळी एकच्या पुढे जाऊ देऊ नका. चाल मध्य सा ते तार सा एवढीच फिरत असेल तर काळी एकचा सा चालतो. चाल तार गंधाराला जात असेल तर सा पांढरी सहावर आणा. गुरुवारच्या तालमीत पेटीवाल्याबरोबर प्रत्येक गीताची पट्टी ठरवून क्रमाच्या कागदावर गीताच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवा.

एका उपासनेत एकापेक्षा जास्त नवे गीत नको. नवे असेल तर ते मंडळी जमत असताना संगीतसंचाने दोनदा वाजवून घ्यावे आणि पुढचे तीन रविवार पुन्हा घ्यावे. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातल्या जुन्या गीतांत पाश्चात्त्य चालींची गीते आहेत, तशीच भजने आणि अभंगही. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे, अभंगाची चाल इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर अभंग आणि भजने याच घाटात लिहिली. ती टाळ-तबल्यावरच घ्यावीत. की-बोर्डचा तयार ठेका लावला की ओळ मधेच तुटते. मात्र प्रत्येक कडवे गायलाच हवे असे नाही. कडवी गाळताना अर्थ बघून गाळा. ‘पहिले आणि शेवटचे’ अशी सरसकट घोषणा केली की कधीकधी क्रूसाचे कडवेच राहून जाते.

वाचनाची तयारी मोठ्याने करायची असते. नबुखद्नेस्सर, मलकीसदेक, हबक्कूक ही नावे मनातल्या मनात सोपी वाटतात, ध्वनिक्षेपकावर अडखळवतात. पुस्तक, अध्याय आणि वचन दोनदा सांगा आणि मनात पंधरा अंक मोजून मग वाचा, म्हणजे पाने उलटणाऱ्यांना वेळ मिळतो. वाचन ‘तो म्हणाला’ने सुरू होत असेल तर ‘तो’च्या जागी नाव घ्या. आळीपाळीने वाचायच्या स्तोत्रासाठी भाषांतर आधी ठरवा. कोणाच्या हातात बायबल सोसायटीची जुनी प्रत, कोणाकडे सोपी मराठी आवृत्ती, तिसऱ्याच्या मोबाइलवर आणखी वेगळीच, अशाने एकत्र आवाज उठतच नाही. स्तोत्र छापून वाटा किंवा पडद्यावर दाखवा.

मध्यस्थीची प्रार्थना लिहून काढा. लिहिली की ती कोरडी होते ही समजूत चुकीची आहे. न लिहिलेली प्रार्थना बहुधा तीच तीच चार वाक्ये फिरवत राहते. क्रम साधा ठेवा: जगभरची मंडळी, देश आणि अधिकारी, आपले शहर, आजारी, शोकाकुल. प्रत्येक भागाला तीन-चार वाक्ये, मग ‘हे प्रभू’ असे चालकाने म्हणावे आणि ‘आमची प्रार्थना ऐक’ असे मंडळीने. शहराचा भाग खराखुरा असू द्या: यंत्रमागावर पाळी करणारे, विड्या वळणाऱ्या बायका, पाण्याची वाट पाहणाऱ्या वस्त्या. आजाऱ्यांची नावे त्यांना किंवा घरच्यांना विचारूनच घ्या, आणि आजार काय हे सांगू नका.

सोलापुरातल्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची पाळेमुळे अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेत आहेत, म्हणून उत्स्फूर्त प्रार्थनेची सवय इथे खोल आहे. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि वेगवेगळ्या परंपरांचे उपासनाक्रम एकत्र आले. दोन्हींना जागा ठेवा. दीक्षित पाळक नसताना चालवत असाल तर एक मर्यादा कसोशीने पाळा: प्रभुभोजन विधी करू नका, आणि क्षमेची घोषणा व आशीर्वाद ‘तुम्हांवर’ असे न म्हणता ‘आपणा सर्वांवर’ असे म्हणा. २ करिंथ १३:१४ आशीर्वादाच्या जागी चालते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबे मंडळीत असतील तर एखादे कडवे किंवा प्रभूची प्रार्थना त्या भाषेत घ्या, पण म्हणणारा आधी ठरवून.

सर्वांत अवघड उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). दुपारी १२ ते ३, मार्चअखेर किंवा एप्रिल, सोलापूरचे ऊन. येशूने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांना १८० मिनिटे, म्हणजे प्रत्येकी २५. त्यात वाचन एक मिनिट, मनन १२, गीत पाच, प्रार्थना चार, शांतता तीन. पहिले दोन वक्ते चाळीस-चाळीस मिनिटे घेतात आणि ‘पूर्ण झाले आहे’ या सहाव्या उद्गाराला दहा मिनिटेही उरत नाहीत, हे टाळायचे तर प्रत्येक वक्त्याला आठवडाभर आधी लेखी वेळ द्या आणि समोरच्या बाकावर घड्याळ धरणारा एक माणूस बसवा. उद्गारांचा क्रमही ठरलेला आहे: लूक २३:३४, लूक २३:४३, योहान १९:२६-२७, मत्तय २७:४६, योहान १९:२८, योहान १९:३०, लूक २३:४६. आपला उद्गार कोणता हे न पाहता तीन वक्ते क्षमेवरच बोलतात, म्हणून वचनाचा संदर्भ त्याच चिठ्ठीत लिहा. वीज जाईल असे गृहीत धरा: ध्वनिक्षेपकाला बॅटरी हवी, पंखे बंद पडले तर दारे-खिडक्या उघडायला माणसे नेमलेली हवीत, पिण्याचे पाणी मागच्या बाजूला, आणि वृद्धांनी मधेच बाहेर जाणे यात काही वावगे नाही हे सुरुवातीलाच सांगितलेले हवे. त्या तासांत टाळ-तबला नको, पेटीचा सूर पुरतो.

रविवारी अर्धा तास आधी पोहोचून ध्वनिक्षेपक, पुलपिटावरच्या बायबलातल्या खुणा आणि दानाच्या थैल्या तपासा. क्रमाच्या तीन प्रती काढा: एक तुमची, एक पेटीवाल्याची, एक उपदेशकाची. तिघांकडे वेगवेगळे क्रम असले की गीतासाठी उभी राहिलेली मंडळी पुन्हा बसते.

पुढे शिकायचे असेल तर पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, सोलापूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे ईश्वरविज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम आहेत. तिथे जाण्याआधी वर्षभर आपल्याच चर्चमध्ये आधी वाचन, मग मध्यस्थीची प्रार्थना, मग पूर्ण उपासना अशा पायऱ्यांनी पाळी मागून घ्या. पाळकसाहेबांना विचारले तर पहिले वाचन बहुधा येत्या महिन्यातच मिळते.