डाळिंबाच्या सालीने सुती ओढणी रंगवायची तर आधी कापडाकडे बघा

सोलापुरात डाळिंबाची साल विकत घ्यायची गरजच नाही, कुठल्याही ज्यूसवाल्याला संध्याकाळी पिशवी देऊन ठेवा, भरून देतो. सांगोल्याकडच्या पाहुण्यांकडून पण येते. साली उन्हात कडकडीत वाळवून ठेवा, आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवसात वाळतात.

पण साल ही शेवटची गोष्ट. मी पहिली ओढणी रंगवली तेव्हा कोरं कापड सरळ रंगात टाकलं, आणि वाळल्यावर बघते तर जागोजागी फिकट ठिपके, दोन धुण्यात निम्मा रंग गेला, लई वाईट वाटलं. कापडावर कांजी होती ना! यंत्रमागावरच्या सुताला कांजी लावतातच, आणि कापसात स्वतःचं पण थोडं मेण असतं, ते निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही.

म्हणून आधी कापड कोरडं असताना वजन करा. आपण 200 ग्रॅमची ओढणी धरू. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी मोठ्या स्टीलच्या पातेल्यात 6 लिटर पाणी, एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पावडर घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट तपकिरी होतं, पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातून एवढं निघतं हे बघूनच पटतं. स्वच्छ धुवून वाळवा आणि एक थेंब पाणी टाकून बघा, लगेच शोषलं तर झालं, थेंब वर गोल बसून राहिला तर परत उकळा. यात आळस करू नका.

मग हिरडा. काष्ठौषधीच्या दुकानात हिरड्याची पावडर मिळते, 40 ग्रॅम घ्या, गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, त्यात ओढणी चार-पाच तास बुडवा. नंतर धुवायची नाही, फक्त पिळून सावलीत वाळवायची, फिकट बदामी रंग येतो. रंग पक्का बसायला तुरटी लागते, ती रेशीम-लोकर सहज धरतात, सुती कापड धरत नाही, पण हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) कापसाला चिकटतं आणि तुरटी त्या टॅनिनला, असं ते काम आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतंच म्हणून काहीजण हिरडा वगळतात, चालतं, पण मंजिष्ठा किंवा झेंडू वापरणार असाल तर अजिबात वगळू नका.

आता 30 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात ओढणी रात्रभर ठेवा, सकाळी एकदाच हलकं खळबळून घ्या.

साली 200 ग्रॅम, खलबत्त्यात जाडसर फोडून आदल्या रात्री भिजवलेल्या, त्याच पाण्यात तासभर उकळून फडक्यातून गाळा. लोखंडी कढई नको, रंग काळपट होतो, ॲल्युमिनियम पण नको. ओढणी ओली करूनच रंगात सोडा, मंद गॅसवर पाऊण तास, आणि लाकडी दांड्याने सारखी खालीवर करत रहा, घडी पडून राहिली की तिथं डाग पडलाच समजा. गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या. छान मोहरीच्या फुलासारखा, थोडा मळका पिवळा येतो.

मला स्वतःला यापुढचा रंग जास्त आवडतो. 4 ग्रॅम हिराकस (लोहाचा हिरवट क्षार) बादलीभर पाण्यात विरघळवा (हातमोजे घाला) आणि पिवळी ओढणी पाच मिनिटं फिरवा, डोळ्यासमोर मेंदीसारखी हिरवट, मग राखाडी व्हायला लागते. हवी ती छटा आली की लगेच बाहेर काढून धुवा. जास्त घालू नका, लोहाने सूत कमजोर होतं, हळूहळू विरतं. हिराकसचा थेंब हिरडा लावलेल्या दुसऱ्या कापडावर उडाला तर काळा डाग पडतो आणि तो जात नाही, म्हणून हे काम वेगळ्या कोपऱ्यात करा.

हळद टाळा, रंग सुंदर येतो पण उन्हात उडून जातो. बोअरचं जड पाणी असेल तर छटा बदलते, त्यामुळं नळाला पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवलेलं वापरा.

रंगवलेली ओढणी सावलीतच वाळवा, आठवडाभर तशीच ठेवा आणि मग रिठ्याच्या पाण्यात धुवा. उरलेलं सालीचं पाणी ओतून देऊ नका, त्यात अजून एखादा रुमाल फिकट पिवळा निघतो.