आखणी पेन्सिलीत असतानाच: वन्यजीव सल्लागाराचं काम कसं करावं

वन्यजीवशास्त्रात एमएस्सी केलेली मुलंमुली विचारतात, "मॅडम, रस्ते, कालवे, वीजवाहिन्यांच्या प्रकल्पांवर सल्लागार म्हणून काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" पहिलं काम जंगलात नाही, नकाशावर आहे. प्रकल्पाची आखणी, म्हणजे रस्ता, कालवा किंवा वाहिनी नेमकी कुठून जाणार ती रेषा, मिळवा आणि ती पक्की झाली आहे का, ते विचारा. निविदा निघाल्यावर कितीही उत्तम अहवाल दिला तरी पूल जागचा हलत नाही. आखणी पेन्सिलीत असते तेव्हा तुमचं एक पान पुरतं.

म्हणून कायद्याचे टप्पे तोंडपाठ हवेत. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या अभ्यासाची कार्यकक्षा आधी ठरते. तुमची मागणी तिथेच गेली पाहिजे. पायाभूत माहिती बहुधा पावसाळा वगळून एकाच हंगामाची घेतली जाते. बेडूक, साप, कासवं, घोरपडी नेमक्या पावसाळ्यात रस्ता ओलांडतात. पावसाळी पाहणी कार्यकक्षेतच लिहून घ्या, नंतर तिच्यासाठी पैसे आणि वेळ कोणी देत नाही. व्याघ्र प्रकल्प किंवा त्यांना जोडणारा भ्रमणमार्ग आखणीत येत असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 38-ओ वाचा (अशी जमीन दुसऱ्या कामाला देण्यावर ते बंधन घालतं), आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळापुढे विषय जाणार हे धरूनच नोंदी ठेवा. अहवालावर अधिकृत तज्ज्ञ म्हणून सही करायची असेल तर नॅबेटची (सल्लागार संस्थांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या संस्थेत परिसंस्था व जैवविविधता विषयाचे तज्ज्ञ म्हणून नोंद व्हावी लागते. नवख्यांनी आधी अशा तज्ज्ञाच्या हाताखाली राबावं.

आता पायी चला. गाडीतून पाहणी करणाऱ्याला रस्त्यावर मेलेले प्राणी दिसतात ते मोठेच. बेडूक आणि छोटे साप उन्हं वर यायच्या आत कावळे उचलतात, म्हणून फटफटायच्या वेळी रस्त्यावर हजर राहा. आखणी जिथे नाला ओलांडते तिथे थांबा. विदर्भात उन्हाळ्यात नाल्याचं पात्र कोरडं पडतं आणि तीच जनावरांची वाट होते. वाळूत उकिडवं बसून तिरप्या उन्हात बघितलं की चितळाच्या खुरांवर रानडुकराचे खूर, त्यावर बिबट्याचा पंजा असे थर सुटे सुटे दिसतात. दुपारी डोक्यावर ऊन आलं की तीच वाळू सपाट वाटते. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, नंतर लावा. आधी बीटाचा वनरक्षक, गुराखी आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाया यांच्याबरोबर एक फेरी मारा. अस्वल कुठल्या मोहाखाली येतं, हे त्या बायांना जिवाच्या भीतीने माहीत असतं.

प्रत्येक नोंद इंजिनिअरच्या भाषेत करा. "घनदाट जंगलाजवळ" हे त्याच्या कामाचं नाही. "किमी 34+250, डावीकडून येणारा नाला, सांबराची नियमित ये-जा" हे तो थेट ड्रॉइंगवर चढवतो (34+250 म्हणजे 34 किमीच्या पुढे 250 मीटर). भुयारी मार्ग सुचवताना मोकळेपणाचं गणित मांडा: रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला छताखालून चालावं लागणारं अंतर. 10 मीटर रुंद, 5 मीटर उंच मार्ग 25 मीटर रुंदीच्या रस्त्याखालून गेला तर उत्तर 2 येतं. पुढे रस्ता 40 मीटरचा केला तर तेच 1.25 होतं आणि पलीकडचा उजेड आक्रसतो. भविष्यातलं रुंदीकरण आजच विचारा.

हे काम नीट झालं तर काय होतं, ते पेंचमध्ये दिसतं. नागपूर–सिवनी महामार्ग, पूर्वीचा 7 आणि आताचा 44, कान्हा–पेंच भ्रमणमार्गातून जातो. चौपदरीकरणावर अनेक वर्षं वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने महाराष्ट्राच्या हद्दीत मनसर–खवासा पट्ट्यात प्राण्यांना रस्त्याखालून जायला 9 मार्ग बांधले गेले, त्यातला सर्वांत रुंद 750 मीटरचा. मार्च ते डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत 18 जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. 11 वेगवेगळे वाघ मिळून 89 वेळा पुलाखालून गेले. मी हे आकडे प्रत्येक बैठकीत सोबत नेते, कारण "वाघ पुलाखालून जातो का हो?" हा प्रश्न येतोच. पण हेही तितक्याच ठामपणे सांगते की पूल बांधला म्हणून जंगल फोडायला परवाना मिळत नाही. आधी टाळा. टाळता येत नसेल तर नुकसान कमी करा. भरपाईची झाडं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा लावलेला अहवाल माझ्यापुढे आला तर मी परत पाठवते.

उपाय प्राण्याच्या शरीरावरून ठरतो, हे विसरू नका. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तो उडताना वीजतारांवर आदळतो. त्याला पुलाचा काय उपयोग? त्याच्या माळावरच्या तारा जमिनीखाली न्याव्या लागतात, नाहीतर वाहिनीचा मार्ग बदलावा लागतो. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकांच्या माळांवरच्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला आणि मार्च 2024 मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञ समिती नेमली. सोलापूरच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणंच आता दुर्मीळ झालंय, हे मनात ठेवून वीजवाहिनीची फाईल उघडा. शेकरूला मात्र झाडांचे शेंडे जोडलेले हवेत.

पैसा प्रकल्पवाला देतो, आणि दडपण तिथूनच येतं. एका प्रकल्पात माझ्या यादीतून खवल्या मांजराची नोंद गाळून अहवाल सहीसाठी आला. मी सही केली नाही, ते काम सोडलं. तुम्ही करारातच लिहून घ्या की मूळ नोंदी, तारखा, जीपीएस आणि छायाचित्रं परिशिष्टात जशीच्या तशी जातील आणि तुमच्या मजकुरात बदल तुमच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही.

मंजुरीच्या अटींत बांधकामानंतरच्या निरीक्षणाचा खर्च वर्षांच्या आकड्यासह घालायला सांगा. मार्ग तयार झाल्यावर त्याखाली ट्रक उभे राहतात, हॉटेलांचा कचरा पडतो, शेजारच्या शेतात कुंपण उभं राहतं, गाळाने तळ भरतो. पावसाळा संपला की प्रत्येक मार्गाखालून स्वतः चालत जा. अडथळा दिसला की किमी आणि फोटो घालून त्याच आठवड्यात वनविभाग आणि रस्ते प्राधिकरण, दोघांनाही पत्र द्या आणि पोच घेऊन ठेवा.