पानझडीच्या जंगलातील हिवाळी पायपीट

जंगल पाहायचे तर पावसाळ्यातच, हा समज बाजूला ठेवून डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात चिखलदऱ्याला मुक्काम करावा. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे पायी फिरता येत नाही. म्हणून वनविभागाने परवानगी दिलेलीच वाट निवडावी आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. सकाळच्या थंडीसाठी एकावर एक पातळ कपडे पुरेत, कारण ऊन चढले की जाड स्वेटरचे नुसते ओझे होते.

पाने गळाल्यावर झाडे खोडावरून ओळखायला शिकावे, आणि खरी गंमत त्यातच आहे: ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तर कांडोळाचे पांढुरके, गुळगुळीत, पापुद्रे सुटलेले खोड दुरूनच नजरेत भरते. सागाचे पडलेले पान उजेडासमोर धरल्यास, अळ्यांनी मधला भाग खाऊन मागे ठेवलेली शिरांची नाजूक जाळी पुष्कळदा दिसते.

उतारावरचा पाचोळा घसरडा असतो आणि त्याखाली दगड किंवा सापही असू शकतो, त्यामुळे काठीने चाचपूनच पाऊल टाकावे. काडेपेटी मुक्कामीच ठेवावी. चहाची तल्लफ आवरत नसेल त्याने थर्मास न्यावा.