पंचगंगेची पातळी दाखवणारा दिवा : चिपाडाचा कागद, एलईडीची पट्टी आणि एक नॉब

जुलै लागला की कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या एका आकड्याचा दिवा कसा करायचा ते सांगते. साधारण मीटरभर उंच, अर्धगोल, उसाच्या चिपाडाच्या कागदाआडून उजेड वर चढत जाणारा. एक एलईडी म्हणजे पाण्याचा एक फूट.

बाजारात मिळणारी एलईडीची पट्टी मीटरला ६० दिव्यांची असते. आपल्या नदीला ६० फुटांचं माप पुरतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेही या पट्टीत बसतं. हिशेब इतका सरळ जमल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

उजेडाची उंची वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, मग छाती, मग मुख. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय छापून येतं? किरणं कमरेपर्यंत आली, गळ्यापर्यंत आली. म्हणजे उजेड कुठवर पोचला यावर अख्खं गाव बोलतं. असा प्रेक्षक लंडनलाही मिळायचा नाही. तिथे २००३ साली टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये ओलाफुर एलियासन या कलावंतानं कृत्रिम सूर्य उभा केला होता. दिव्यांचं अर्धवर्तुळ, ते पूर्ण दिसावं म्हणून छताला आरसे, आणि हवेत धुकं. एवढंच सामान. तेव्हा महागडं साहित्य नाही म्हणून अडून राहू नका.

सुरुवात कागदापासून करा, आणि ती उन्हाळ्यात करा. एक तर गुऱ्हाळं उन्हाळ्यात बंद होत जातात, आणि दुसरं, जुलैत कोल्हापुरात रुमाल वाळत नाही तिथे कागद काय वाळणार. करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर चिपाडाचा ढीग असतो, पण तो फुकटचा समजू नका. तेच त्यांचं जळण असतं. आमच्या ओळखीचे गुऱ्हाळवाले म्हणतात, "न्या की ताई, पण चुलवाणाला ठेवून न्या." अर्धा किलो वाळलेलं चिपाड चार कागदांना भरपूर झालं.

कात्रीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि रात्रभर भिजत घाला. सकाळी पाण्यात खळबळून चोळलं की आतला भुसभुशीत गर सुटतो. तो टाकायचा. गर राहिला तर कागद ठिसूळ होतो आणि उजेडात डाग दिसतात. उरलेल्या धाग्यात धुण्याचा सोडा घालायचा, वाळल्या चिपाडाच्या वजनाच्या पाचवा हिस्सा, म्हणजे अर्ध्या किलोला १०० ग्रॅम. भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खाऊन टाकतो. अंगणात चूल किंवा शेगडी मांडून चारेक तास मंद उकळा, हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा. कास्टिक सोड्यानं काम लवकर होतं असं सांगणारे भेटतील. घरात पोरंबाळं असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

मग धुणं. खूप धुणं. सोडा गेला की नाही हे बघायला स्वयंपाकघरातली हळद पुरते: पिळून निघालेल्या पाण्यात चिमूटभर टाका, लालसर झाली तर अजून धुवा, पिवळी राहिली तर झालं. या धुण्यात उसाची उरलीसुरली साखरही जाते. ती राहिली तर दिव्याला मुंग्या लागतात.

लगदा मिक्सरला काढताना मूठभर धागा आणि भांडंभर पाणी, त्याहून जास्त नको, नाहीतर मोटर तापते. आमचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, जळालेली मिक्सरची मोटर कुणामुळे येते हे मला चेहऱ्यावरून कळतं. चिपाडाचा धागा आखूड असतो, म्हणून पोरांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं भिजवून चौथा हिस्सा त्यात मिसळा.

आता गंमत. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायला लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस काहिलीत सोडतात, त्यात मळी गोळा होऊन वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढतो. तोच बुळबुळीत रस कागदाच्या टबातही चालतो. भेंडीची खोडं किंवा मुळं ठेचून पाण्यात भिजवा, गाळा, आणि दोन-तीन पेले लगद्याच्या टबात घाला. पाणी जड, संथ होतं. धागे गुठळ्या न करता तरंगत राहतात आणि जाळीतून पाणी सावकाश गळतं, त्यामुळे पातळ आणि एकसारखा कागद उचलता येतो. बिनभेंडीचा आणि भेंडीचा, दोन्ही कागद मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा. पहिल्यात ढग दिसतात. दुसऱ्यात नुसते धागे, एकावर एक आडवेतिडवे पडलेले, मध्येच एखादं सोनेरी कूस.

उचलायला १८ बाय २८ सेंटिमीटरची लाकडी चौकट, तिला खिडकीला लावतात ती डासांची जाळी ताणून ठोकलेली, आणि वर तेवढ्याच मापाची दुसरी रिकामी चौकट. बुडवा, आडवी उचला, एकदा मागेपुढे आणि एकदा डावीउजवी हलवा, निथळू द्या. जुन्या सुती कापडावर उलटी करून कागद सोडवा, वर दुसरं कापड, वर फळी, फळीवर उभं राहा. मग खिडकीच्या काचेवर चिकटवून सावलीत वाळवा. काचेकडची बाजू गुळगुळीत येते, ती बाहेर ठेवायची.

सांगाडा फार विचार न करता होतो. आठ सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच फळी, तिच्यावर चार सेंटिमीटर त्रिज्येच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या अर्ध्या कड्या, कडांना बांबूच्या कामट्या. एलईडीची पट्टी फळीच्या बरोबर मध्यावर चिकटवा, खाली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी देऊन. म्हणजे दिवे अर्धवर्तुळाच्या मध्यबिंदूवर येतात आणि कागद सगळीकडून त्यांच्यापासून सारखाच लांब राहतो. चार सेंटिमीटर हे अंतर जपा. कमी केलंत तर दिव्यांचे ठिपके दिसतील, जास्त केलंत तर पाण्याची रेघ पसरून ३९ आणि ४३ मधला फरकच कळणार नाही. या पट्टीवर त्या दोन खुणांत जेमतेम पावणेसात सेंटिमीटर आहेत. चारही कागद दोन-दोन सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन मैद्याच्या खळीनं चिकटवा. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, वह्या-पुस्तकं बांधणारेही घालतात, कसर लागत नाही. विषारी आहे, खळ शिजवायचं भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

बुडाला वजन हवं. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांकडे रिजेक्शनचा माल असतो. ब्लो होल (ओतताना हवेनं पडलेलं भोक) असलेली एखादी पुली किलोच्या भावात मागून घ्या. फेटलिंगवाल्याला (ओतीव माल घासून साफ करणाऱ्याला) सांगून धारदार कडा तेवढ्या घासून घ्या, रंग मात्र देऊ नका. मधल्या बोअरमध्ये (भोकात) फळीचं टोक तासून पाचर मारा. कोल्हापुरात ज्यानं त्यानं आधी बेस ग्रॅनाइटचा करायचा असं का ठरवलंय मला कळत नाही. ओतीव लोखंडाची ती खरबरीत वाळूची साल ग्रॅनाइटला सात जन्मांत यायची नाही.

विजेचं काम. पट्टी डब्ल्यूएस२८१२बी या चिपची घ्या, ५ व्होल्टची. तिच्यातला प्रत्येक दिवा वेगळा सांगता येतो. मेंदू म्हणून अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा बोटाएवढा बोर्ड. पूर्ण पांढऱ्या उजेडाला एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, ६० दिव्यांचे ३.६ अँपिअर, म्हणून ५ व्होल्ट ५ अँपिअरचा बंद डब्यातला ॲडाप्टर घ्या, उघडा एसएमपीएस (उघड्या जोडण्यांचा वीजपुरवठा) नको. पट्टीला करंट थेट ॲडाप्टरवरून द्यायचा, नॅनोमधून ओढायचा नाही. दोघांचं ग्राउंड (मायनसची तार) एकत्र जोडलंच पाहिजे, नाहीतर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पट्टीच्या तोंडाशी प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटरवर रेघ छापलेली बाजू मायनसला.

आकडा दिव्याला कसा कळणार? इंटरनेटवरून आपोआप घेता येईल, आणि कॉलेजची पोरं मला तेच सुचवतात. मी घेत नाही. १० किलोओहमचा लिनिअर पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) लावते, त्याला मोठा नॉब. घरातल्या कुणीतरी पातळी ऐकायची, विचारायची आणि उठून नॉब फिरवायचा. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय आणि पाणी दोन इंच उतरलं तरी त्या आधी फोन करून खात्री करतात. गोल गोल फिरत राहणारा डिजिटल एन्कोडर घेऊ नका. पावसात लाइट जाणार हे धरूनच चाला. पोटेन्शिओमीटर जिथे ठेवला तिथेच राहतो, लाइट आली की दिवा बरोबर त्याच फुटावर पेटतो.

प्रोग्रॅम पन्नासेक ओळींचा होतो, फास्टएलईडी ही लायब्ररी वापरा. नॅनो नॉबचं वाचन ० ते १०२३ मध्ये देतो. दर १७ ला एक फूट. वाचन थोडं थरथरतं, म्हणून दहा वाचनांची सरासरी घ्या. वरचा शेवटचा दिवा अर्ध्या फुटाला अर्ध्या तेजानं लावा. आणि नॉब फिरवला की उजेड एकदम उडी मारून वर जाऊ देऊ नका, मिनिटाला एक फूट सरकवा. पाणीही असंच हळूहळू चढतं. फक्त सुरू होताना हा नियम सोडा, नाहीतर लाइट आल्यावर चाळीस मिनिटं दिवा शून्यापासून चढत बसेल. तेज २५५ पैकी ८० ला अडवा. एवढ्या तेजात पॉवर बँकवरही तो चालतो.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. निळा नको. चिपाडाचा कागद पिवळसर तपकिरी असतो, तो निळा उजेड गिळतो आणि बाहेर मळकट हिरवट काहीतरी येतं. शिवाय पुरातली पंचगंगा निळी कुणी पाहिलीय? लाल घेऊन त्यात हिरवा तिसऱ्या हिश्शाइतका मिसळा, गढूळ पाण्याचा रंग मिळतो. ३९ नंतर हिरवा कमी करत जा. ४३ ओलांडलं की नुसता लाल, आणि तेज अगदी सावकाश कमीजास्त करा. लुकलुकवू नका, ते वरातीच्या गाडीला शोभतं.

३९ आणि ४३ च्या खुणा छापायच्या नाहीत. चप्पल लाइनला कारागिरांकडे चामड्याच्या कातरणी पडलेल्या असतात, त्यातून दोन बारीक वाद्या कापून घ्या. पट्टीच्या खालच्या टोकापासून ६५ सेंटिमीटरवर एक आणि ७१.७ वर दुसरी, ओली करून कागदावरून फळीमागे बांधा. वाळताना आवळून बसतात. चामड्यातून उजेड येत नाही. त्यामुळे पाणी खाली असताना या वाद्या दिसतही नाहीत, उजेड मागून वर आला की काळ्या कड्या उमटतात. वेणी घातलेली वादी जास्त देखणी दिसते, पण तिची सावली जाड पडते आणि अर्धा फूट खाऊन टाकते.

सांगलीकरांनी याच वाद्या ६६.७ आणि ७५ सेंटिमीटरवर बांधाव्यात. आयर्विन पुलाला इशारा ४० फुटांना आहे आणि धोका ४५ ला. बाकी सगळं तेच, चिपाड तिकडेही काही कमी नाही.