पुस्तकासाठी चित्रं काढताय? मग तारखेचं आधी बघा

सात-आठ चित्रकार मिळून एक पुस्तक करतात, मुलांच्या गोष्टींचा संग्रह म्हणा, तेव्हा नवीन चित्रकारांना एक गोष्ट कुणी सांगतच नाही, की तुमचं एक चित्र अडलं की एकच पान अडत नाही. ऑफसेटला पुस्तक फॉर्म्याने छापतात, बहुतेक वेळा १६ पानांचा फॉर्मा, मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं. म्हणजे पान ११ चं चित्र आलं नाही तर बाकीची १५ पानं तयार असून सगळा फॉर्मा थांबतो, आणि त्यात दुसऱ्या दोघातिघांची चित्रं असतात ज्यांनी रात्र रात्र जागून वेळेत दिलेली असतात. मी आधी चित्रं काढायचे आणि आता चित्रकारांकडून कामं गोळा करते, दोन्हीकडचं बघितलंय म्हणून लिहितेय.

काम घेतानाच विचारा, रफ म्हणजे पेन्सिलचं कच्चं चित्र कधी, फायनल कधी, बदल किती वेळा, पैसे कधी. मग हो म्हणायच्या आधी स्वतःचा वेग मोजा, तोही खरा. मागच्या रंगीत चित्राला तीन दिवस लागले असतील तर दहा चित्रांना महिना लागतो, वर संपादकाने रफ बघायचा आठवडा. ऑगस्ट-सप्टेंबरची तारीख असेल तर अजून जपून, कारण मध्ये गणपती येतात आणि दिवाळी अंकांची कामंही तेव्हाच हातात असतात, प्रेसही तेव्हा भरलेली असते, एकदा नंबर गेला की लवकर परत लागत नाही.

सगळी रफ आधी एकत्र पाठवा, प्लीज. एक चित्र पूर्ण रंगवून मग दुसरं सुरू, असं नको. गोष्टीत विहिरीवर रहाट आहे आणि तुम्ही मोट काढली, तर पेन्सिलमध्ये ते दहा मिनिटांत सुटतं, रंग भरल्यावर दोन दिवस जातात आणि मनस्ताप वेगळाच.

आता उशीर. तो होतो, सगळ्यांचा होतो. पण कळल्या दिवशी सांगा, आणि नुसतं 'थोडा वेळ लागेल' असं नाही, 'मॅडम, सहापैकी चार शुक्रवारी देतो, दोन मंगळवारी दुपारपर्यंत, चालेल का' असं. एका मुलीची आई अचानक हॉस्पिटलमध्ये होती, तिने त्याच संध्याकाळी कळवलं, आम्ही तिची गोष्ट पहिल्या फॉर्म्यातून काढून शेवटच्या फॉर्म्यात टाकली, तिला बारा दिवस मिळाले आणि चित्रं फार सुंदर आली. त्याच पुस्तकात दुसऱ्या एकाने फोन उचलणंच बंद केलं. लाजेनेच असणार, रागावून नाही, पण शेवटी ती गोष्ट चित्रांशिवाय छापली, आणि लेखिकेला ते सांगताना मला खूप वाईट वाटलं.

फाइलचं थोडक्यात. साडेपाच बाय साडेआठ इंचाचं पान असेल तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात, वर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, बदलून स्वतः एकदा बघा, चमकदार निळा आणि पोपटी हमखास मळकट होतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते दाबून लहान करतं, ड्राइव्हची लिंक द्या. आणि जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रात, चेहरा मधोमध नको, बाइंडिंगमध्ये नाक जातं.

हक्कांचं लेखी ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर काढून घेणाराच ठरू शकतो. दोन ओळींचा ईमेलसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सहीचा कागद खरा.

कागदावर काढत असाल तर पुस्तक छापून हातात येईपर्यंत मूळ चित्र कुणाला देऊ नका, फ्रेमला टाकू नका, विकूही नका, कारण प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, रंग बिघडलेला दिसला की पुन्हा स्कॅन लागतो आणि तो लगेच, त्याच दिवशी लागतो.