पाळकांच्या रीतीने सोलापूरचा स्थानिक इतिहास कसा लिहावा

सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९० मध्ये स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, दीडशेहून अधिक प्रश्न पाठवले आणि त्यांच्या उत्तरांतून १७९१ ते १७९९ या काळात गावोगावच्या वृत्तांताचे २१ खंड सिद्ध झाले. सोलापुरात हीच रीत अनुसरायची असल्यास प्रथम चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या नोंदवह्या परवानगीने पाहाव्यात. माझ्या मते दफनाची वही सर्वांत बोलकी असते, कारण तिच्यातील नोंदी महिनावार मांडल्या की प्लेगचा किंवा १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा घाला चर्चच्या मंडळीवर (सभासदांवर) कधी व किती पडला, हे स्पष्ट दिसते. व्यवसाय लिहिलेला असल्यास गिरणी कामगार वेगळे मोजावेत. नावे मात्र मूळ वहीतल्याप्रमाणेच उतरवावीत, आणि मग ज्येष्ठांच्या आठवणी तारखेसह टिपून वहीतल्या नोंदींशी पडताळाव्यात.