गळासाठी कंपोस्टमधील गांडुळे : या चुका टाळा

घरामागे कंपोस्टचा ढीग असेल, तर गळाच्या आमिषासाठी गांडुळे विकत आणण्याची सहसा गरज पडत नाही. तरीही ढिगात गांडूळच सापडत नाही, सापडले तर डब्यात दोन दिवस टिकत नाही, आणि टिकले तरी गळाला लावताच मलूल होते, अशा तक्रारी सतत ऐकू येतात. तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते आपल्या ओलसर त्वचेतून श्वास घेते, त्यामुळे त्वचा सुकली तर ते गुदमरते आणि भोवतालच्या पाण्यातील प्राणवायू संपला तरीही गुदमरते. डब्यात उपासमारीने मरणारी गांडुळे फार थोडी असतात. उष्णता, साचलेले पाणी आणि आपलीच अनावश्यक ढवळाढवळ यांनी मरणारी कितीतरी अधिक.

ढिगाच्या मध्यभागी खणणे

ताजा, नीट रचलेला ढीग कुजताना आतून तापतो आणि त्याच्या गाभ्यातील तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. ३५ अंशांच्या पुढे गांडुळे तग धरत नाहीत, त्यामुळे अशा ढिगाच्या मध्यभागी कितीही खणले तरी हाती काही लागत नाही. ती कडेला, तळाशी, जमिनीला टेकलेल्या ओलसर थरात किंवा ढिगाच्या जुन्या, थंड झालेल्या भागात असतात. ढीग सिमेंटच्या फरशीवर रचला असेल, तर जमिनीतून वर येण्याची त्यांची वाटच बंद होते. अशा ढिगात जुन्या खतासोबत गांडुळे आणून सोडावी लागतात, आणि तीही आत घातलेला हात सहज ठेवता येईल इतका ढीग निवल्यानंतरच.

खणण्यापेक्षा त्यांना एका जागी बोलावणे अधिक सोयीचे असते. ढिगाच्या कडेला भाज्यांच्या साली किंवा कलिंगडाच्या फोडी ठेवून त्यांवर भिजवलेले गोणपाट अथवा जाड पुठ्ठा अंथरावा आणि चार-पाच दिवस त्याला हात लावू नये. नंतर गोणपाट एका बाजूने उचलले, की खालच्या ओल्या पृष्ठावर गांडुळांचे झुबके दिसतात आणि उजेड पडताच आकसून आत शिरू लागतात. ती त्याच क्षणी हातानेच वेचावीत. फावडे मारल्यास गांडुळे तुटतात, आणि तुटलेल्या एका गांडुळाची दोन होतात ही समजूत चुकीची आहे : डोक्याकडच्या भागाला कधी कधी नवी शेपटी फुटते, शेपटीकडचा भाग मात्र सामान्यतः मरतो. असे तुकडे डब्यात गेले तर ते सडून भोवतालची गांडुळेही मारतात. साबणाचे पाणी ओतून गांडुळे वर काढण्याची पद्धत त्यांच्या त्वचेलाच इजा करते, आणि जमिनीत विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार तर माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. तो कोणत्याही परिस्थितीत करू नये.

सगळी गांडुळे एकाच प्रकारची समजणे

कंपोस्टमध्ये बहुधा सापडते ते आयसेनिया फेटिडा हे तांबडे गांडूळ. त्याच्या अंगावर फिकट पिवळसर पट्टे असतात आणि दाबल्यावर त्यातून उग्र वासाचा पिवळा द्रव निघतो. ते दाटीत आणि कुजणाऱ्या पदार्थांत सुखाने राहते. बागेच्या मातीत खोल बिळे करून राहणारी लांब, जाड गांडुळे मोठ्या गळासाठी उत्तम असली, तरी त्यांना थंडावा आणि मोकळी खोल जागा लागते; तांबड्या गांडुळांच्या उथळ टबात ती मरतात. दोन्ही एकत्र ठेवण्याचा मोह टाळावा.

सगळीच मोठी गांडुळे काढून नेणे ही याच्याच जोडीची चूक. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर डोक्याच्या बाजूला एक फुगीर वळे दिसते, आणि प्रजनन अशीच गांडुळे करतात. त्यांचे कोष लिंबाच्या आकाराचे, पिवळसर आणि तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. अनुकूल हवेत साधारण तीन-चार आठवड्यांत एका कोषातून बहुधा दोन-तीन पिले निघतात आणि ती पूर्ण वाढायला आणखी दीड-दोन महिने लागतात. वळे असलेली निम्मी गांडुळे तरी मागे ठेवली, तरच पुढच्या हंगामात ढीग रिकामा वाटणार नाही.

खोल बादली आणि चिखल

सर्वांत जास्त गांडुळे याच चुकीने जातात, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. तांबडी गांडुळे वरच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या थरातच वावरतात. खोल बादलीच्या तळाशी मात्र पाणी उतरून साचते, तेथील हवा संपते आणि कुजण्याची दुर्गंधी सुरू होते. त्यापेक्षा पसरट टब घ्यावा, त्याच्या तळाला भोके पाडावीत आणि तो विटांवर उचलून ठेवावा. बिछान्यासाठी फाडलेला साधा पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, अर्धवट कुजलेला पालापाचोळा किंवा जुने, मुरलेले शेणखत वापरावे. नुसती बागेची माती भरू नये, कारण पाणी पडले की ती दबून घट्ट होते. कोकोपीट वापरायचे असल्यास ते आधी धुऊन घ्यावे. त्यात क्षार असू शकतात.

ओलाव्याची परीक्षा सोपी आहे : बिछाना मुठीत घेऊन दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. टब सावलीत, शक्यतो १५ ते २५ अंश तापमानात ठेवावा.

खाणे घालताना हात आखडता घ्यावा. आधीचे बरेचसे संपल्याशिवाय नवे घालू नये, कारण उरलेले अन्न आंबते, बिछाना आम्लधर्मी होतो, आणि मग गांडुळांचे शरीर मण्यांच्या माळेसारखे जागोजागी फुगून ती मरू लागतात. असे दिसताच सगळे अन्न काढून टाकावे आणि निरोगी गांडुळे ताज्या बिछान्यात हलवावीत. मीठ, तेल, मांस आणि लिंबूवर्गीय फळांच्या साली घालू नयेत. कोंबड्यांची ताजी विष्ठा अमोनियामुळे घातक ठरते. नुकतेच जंतनाशक औषध दिलेल्या जनावरांचे शेण आणि फवारणी झालेले गवतही दूर ठेवावे.

लक्षणांचा चुकीचा अर्थ लावणे

नव्या टबात पहिल्या एक-दोन रात्री गांडुळे झाकणाकडे चढली, तर घाबरू नये. वर मंद दिवा लावून ठेवला की ती आत राहतात. तीच गोष्ट पुढेही चालू राहिली, तर मात्र आत काहीतरी बिघडले आहे हे समजून बिछाना हुंगून पाहावा. आंबूस वास अति अन्नाचा, तर कुजका वास अति पाण्याचा. मुंग्या लागल्या असतील तर टब बहुधा कोरडा पडला आहे. बारीक, दुधाळ पांढरे किडे दिसले की ती गांडुळांची पिलेच आहेत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते निराळे, निरुपद्रवी कृमी असतात आणि ओलावा किंवा आम्लता वाढल्याची खूण देतात. तांबड्या गांडुळाच्या पिलाच्या अंगातून रक्तवाहिनीची लालसर रेघ दिसते.

पाण्याकाठी नेताना

मासेमारीच्या दोन-तीन दिवस आधी लागतील तेवढीच गांडुळे ओल्या, पिळून घेतलेल्या शेवाळात ठेवावीत. त्यांचे पोट रिकामे होते, त्वचा घट्ट होते आणि ती गळावर अधिक वेळ टिकतात. डब्याच्या झाकणाला भोके असावीत, डबा ओल्या फडक्यात गुंडाळावा आणि बंद मोटारीत किंवा उन्हात क्षणभरही ठेवू नये. गळ वळ्याजवळच्या घट्ट भागातून घालून दोन्ही टोके मोकळी सोडली, तर गांडूळ पाण्यात हलत राहते. खाऱ्या पाण्यात ते लवकर निपचित होते, तेथे ते वारंवार बदलावे लागते.

उरलेली गांडुळे काठावर किंवा झाडीत टाकून देणे ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडील जंगलांत मूळची गांडुळे नव्हती. बाहेरून आलेल्या गांडुळांनी, ज्यांत आमिष म्हणून आणून टाकलेलीही होती, तेथील जमिनीवरचा पानांचा जाड थर खाऊन टाकला आणि त्यावर जगणाऱ्या वनस्पती विरळ झाल्या. त्यामुळे उरलेली गांडुळे शेवाळासकट परत आणावीत, मेलेली वेगळी काढावीत आणि जिवंत असलेली ज्या ढिगातून काढली त्याच ढिगात सोडावीत. विकत आणलेल्या गांडुळांची जात ठाऊक नसेल, तर ती ढिगात मिसळू नयेत. ओळखीच्या गळकऱ्याला पुढच्या मासेमारीसाठी द्यावीत.